वर्षअखेरीचं ताट आणि अकलूजची वाईन: सोलापुरात पिकतं ते सोलापूरच्या जेवणाशी जुळतं का?

२०२४ चा डिसेंबर आठवा. ३० तारखेला सोमवारी वेळ अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी थर्टी फर्स्ट. सोलापूर, लातूर, धाराशिव पट्ट्यातल्या लोकांच्या फोनमध्ये त्या दोन दिवसांत दोन प्रकारचे फोटो येऊन पडले. आधी शेतातली कडब्याची कोप, भज्जी, उंडे आणि आंबिलाचं मडकं. मग चोवीस तासांत हॉटेलची टेबलं, मटणाच्या थाळ्या आणि काचेचे ग्लास.

त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर दरवर्षी एक रील फिरत असते: 'फेस्टिव्ह फूडसोबत कुठली वाईन घ्याल?' त्यात टर्की असते, चीज असतं, कुठला तरी पास्ता असतो. सोलापूरकराच्या ताटात यातलं काहीच नसतं. तिथे असते शेंगाची चटणी, कडक भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण, बाजार आमटी.

गंमत अशी की सोलापूर जिल्हा स्वतः वाईन बनवतो, आणि ती देशभरात विकली जाते. तरी या वाईनचं सोलापूरच्या जेवणाशी जमतं का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. वरवर तो चवीचा प्रश्न वाटतो. पण २०२२ मध्ये ज्या वाईन धोरणावरून महाराष्ट्र तापला होता, त्यामागच्या 'शेतकऱ्याला फायदा' या दाव्याचं उत्तर याच प्रश्नात दडलेलं आहे. कसं, ते समजून घेऊया.

सोलापूरची वाईन? ती कुठली?

महाराष्ट्रात वाईन म्हटलं की नाशिक डोळ्यासमोर येतं, आणि ते साहजिक आहे. पण सोलापूर शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळच्या मोटेवाडीला फ्रातेल्ली ही वायनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे 'भाऊ'. नाव तसं पडलं कारण तीन कुटुंबांमधले भाऊ एकत्र आले: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. २००७ च्या सुमारास हा प्रकल्प उभा राहिला. वाईन बनवायला पिएरो मासी हे इटलीतल्या टस्कनीचे जाणकार आले. त्यांच्यासोबत तिकडचं सँजोव्हेसे हे द्राक्षाचं वाणही माळशिरसच्या माळावर रुजलं. 'सेत्ते' ही त्यांची नावाजलेली रेड वाईन सँजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या दोन द्राक्षांची आहे.

यामागे सरकारी धोरणही होतं. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून बनणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाईन पार्क आखले गेले. हेतू स्पष्ट होता: द्राक्षाला खाण्यापलीकडे एक गिऱ्हाईक मिळावं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. वाईनचं द्राक्ष आणि आपण हातगाडीवरून आणतो ते द्राक्ष, ही दोन वेगळी पिकं आहेत. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं आणि बिनबियांचं असतं. वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं. रेड वाईनला रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. म्हणजे आपण जे नको म्हणून टाळतो, तेच वाईनवाल्याला हवं असतं.

'वाईन शॉप'मध्ये वाईन कुठे असते?

आपल्याकडे दारूच्या कुठल्याही दुकानाला 'वाईन शॉप' म्हणतात. आत गेलात तर व्हिस्की, रम, बिअर समोर मांडलेली असते आणि वाईन एखाद्या कोपऱ्यातल्या फळीवर. भारतात वाईनचा खप वर्षाला माणशी १०० मिलिलीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला वर्षभरात एक ग्लासही येत नाही. जी विकली जाते, तिचं मोठं गिऱ्हाईक मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, गोवा अशा ठिकाणी आहे.

हे का झालं, याचं एक उत्तर किमतीत आहे, दुसरं सवयीत. आपल्याकडे दारू जेवणाआधी पितात, चकण्यासोबत. ग्लास संपला की मग ताट येतं. वाईन मात्र जेवणाबरोबर घोटघोट घ्यायचं पेय म्हणून घडली आहे. त्यामुळे जिथे ताट आणि ग्लास एका वेळी समोर येतच नाहीत, तिथे वाईनला जागा कशी मिळणार?

पेअरिंग म्हणजे नेमकं काय?

'पेअरिंग' हा शब्द भारदस्त वाटतो, पण गोष्ट ओळखीची आहे. भज्यासोबत चहा, पिठल्यासोबत कांदा, बिर्याणीसोबत रायता. एका घासाने तोंडाचं जे केलं, ते दुसऱ्याने सावरायचं.

वाईनमध्ये यासाठी चार गोष्टी बघतात: आंबटपणा, गोडवा, तुरटपणा आणि अल्कोहोल. आंबटपणा तेलकटपणा कापतो, जसं लिंबू माशावर पिळतो तसं. तुरटपणाला इंग्रजीत टॅनिन म्हणतात. कडक उकळलेल्या कोऱ्या चहाने जीभ ओढल्यासारखी होते ना, तोच. मांसातली प्रथिनं आणि चरबी हा तुरटपणा मऊ करतात, म्हणून युरोपात रेड वाईन आणि मटण ही जोडी रूढ झाली.

पण ते नियम युरोपच्या ताटावरून लिहिले गेले. त्या ताटात मिठाबरोबर मिरपूड असते, लवंगी मिरची नसते. आणि मिरची आली की सगळं गणित बदलतं.

मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या अशा पेशींना चाळवतं, ज्यांचं खरं काम उष्णता ओळखणं आहे. म्हणून तिखट खाल्लं की 'पोळलं' असं वाटतं. अल्कोहोलही त्याच जागेवर काम करतं आणि ती जागा आणखी हळवी करतं. त्यामुळे तिखट घासावर १४ टक्के अल्कोहोलची कडक रेड वाईन प्यायली, तर आग विझण्याऐवजी वाढते. वर तुरटपणा आणखी कडू लागतो. अनेकांचा वाईनचा पहिला अनुभव नेमका असाच असतो. झणझणीत रस्सा, त्यावर रेड वाईनचा घोट आणि मग 'ही कसली आंबट-कडू गोष्ट, आपली नाही ही'. दोष वाईनचाही नसतो आणि रश्शाचाही नसतो. फक्त जोडी चुकलेली असते.

सोलापूरच्या ताटाला काय हवं, ते आंबील सांगतं

मग तिखट, तेलकट, लसणाच्या ताटाबरोबर काय चालतं? याचं उत्तर शोधायला इटलीला जायची गरज नाही. वेळ अमावास्येच्या शेतात ते मडक्यात भरून ठेवलेलं असतं.

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला घरचे सगळे शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून दगड मांडतात, पूजा करतात आणि मग पंगत बसते. पालेभाज्या, शेंगा, ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, शेंगाची चटणी, गव्हाची खीर. आणि सोबत आंबील: ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं, लसूण-जिऱ्याचं, मडक्यात गार राहिलेलं.

आता आंबिलाचे गुण बघा. ते आंबट आहे, गार आहे, अंगाने हलकं आहे, त्यात तुरटपणा नाही आणि ते झिंग आणण्यासाठी केलेलं नाही. शिवाय त्यात ताक आहे. दुधातली प्रथिनं कॅप्सायसिनला धरून जिभेवरून धुऊन नेतात, म्हणून तिखट लागल्यावर ताक जे काम करतं, ते पाणी करू शकत नाही. या भागातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे पेअरिंग करून ठेवलेलं आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नाही.

वेळ अमावास्येच्या पंगतीत वाईन शोधायची नाही. तो पूजेचा दिवस आहे आणि तिथली जागा आंबिलाने आधीच भरली आहे. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेलाही तेच लागू. पण २५ आणि ३१ डिसेंबरच्या जेवणांत, मित्रांच्या गेट-टुगेदरमध्ये जे लोक तसेही पिणार आहेत, त्यांना आंबील एक कसोटी देतं. आंबट, गार, हलकी, जमल्यास किंचित गोड. या कसोटीवर एकेक पदार्थ लावून बघू.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी: भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, सुटलेलं तेल. इथे रेड वाईन जवळजवळ बादच. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची वाईन चालते. महाराष्ट्रात ती भरपूर बनते आणि तिच्यात बऱ्याचदा थोडा गोडवा ठेवलेला असतो. तो गोडवा तिखटाला आवरतो, आंबटपणा तेलाला.

हुरडा: डिसेंबर ते फेब्रुवारी सोलापूर-मंगळवेढ्याकडे हुरड्याचे दिवस. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. कोवळा हुरडा गोडसर, त्याला शेकोटीचा धुरकट वास. त्याच्यासोबत सोव्हिन्याँ ब्लाँ जमते. तिला हिरव्या पाल्यासारखा वास असतो, तो हुरड्याशी मिळतो. पण हुरड्याबरोबरची लसणाची चटणी जास्त झाली, तर परत शेनिनकडे वळा.

बाजार आमटी: बऱ्याच डाळी, काळा मसाला, वर तर्री, आणि त्यात कुस्करलेली भाकरी. खरं सांगायचं तर याच्याबरोबर कुठलीच वाईन धड टिकत नाही. वाटीभर रस्सा आणि वर पातळ पेय, दोन्ही पाण्यासारखं वाटतं. इथे कांदा, लिंबू आणि ताक. विषय संपला.

काळ्या मसाल्याचं मटण: इथे रेड वाईनला संधी आहे. सुकं मटण असेल, तिखट मध्यम असेल, तर मांस आणि खोबरं-तीळ टॅनिनला मऊ करतात. कॅबर्नेपेक्षा सँजोव्हेसे बरी, कारण तिच्यात आंबटपणा जास्त असतो. टोमॅटो आणि तेल असलेल्या इटालियन जेवणाबरोबरच ती वाढली आहे. शिराझला मिऱ्यासारखा वास असतो, तो काळ्या मसाल्याशी जुळतो. रस्सा झणझणीत असेल तर मात्र रोझे, म्हणजे गुलाबी वाईन. ती गार पितात आणि तिला तुरटपणा जवळपास नसतो.

शेंगपोळी, खीर, केक: नियम एकच. वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. नाहीतर गोड घासानंतर चांगली वाईनसुद्धा आंबट ढाण लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन मिळते, तिला 'लेट हार्वेस्ट' म्हणतात. नसेल तर चहा. बाकी ख्रिसमसच्या केकमधला बेदाणा कदाचित पंढरपूरच्या बागेतला असेल, म्हणजे द्राक्ष तिथेही हजर आहेच.

आणि एक चूक सगळ्यात जास्त होते. 'रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी' हे वाक्य युरोपातल्या थंड खोल्यांसाठी आहे, म्हणजे १६ ते १८ अंशांसाठी. सोलापुरात डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीला टेकतो. कपाटातून काढलेली रेड वाईन तशीच ओतली तर अल्कोहोलचा भपकाराच पुढे येतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की तीच बाटली वेगळी लागते.

मग २०२२ मध्ये भांडण कशावरून होतं?

२७ जानेवारी २०२२ ला महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाईन विकता येईल. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळ नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत नाही. सरकारचं म्हणणं होतं की यामुळे फळांना बाजार मिळेल आणि शेतकऱ्याचा फायदा होईल.

भाजपने कडाडून विरोध केला. महाराष्ट्राचं 'मद्यराष्ट्र' होऊ देणार नाही, असं देवेंद्र फडणवीस म्हणाले. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांच्या हरकती मागवून मगच पुढे जाऊ असं सांगितल्यावर ते थांबले. जूनअखेर सरकार बदललं आणि निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही. उद्योगाला मदत मात्र दुसऱ्या वाटेने सुरू राहिली. वाईनवरच्या २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के कंपन्यांना परत देणारी योजना २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा लागू झाली.

त्या वादात दोन्ही बाजू एकच गोष्ट धरून बोलत होत्या: दुकान वाढलं की खप वाढेल. एकाला तो फायदा वाटत होता, दुसऱ्याला धोका. पण वाईन कपाटात आली म्हणून ताटात येईल, हे कुणी ठरवलं? ज्या घरात जेवताना ताक पितात आणि दारू पिताना जेवत नाहीत, तिथे ती बाटली कशासोबत उघडणार? उघडलीच तर प्रसंग बघून नव्हे, झिंग किती येते ते बघून उघडणार. अण्णांची भीती नेमकी तिथेच होती आणि ती पूर्ण चुकीची म्हणता येत नाही.

आणि शेतकरी?

आता ती सुरुवातीची गोष्ट आठवा: वाईनचं द्राक्ष वेगळं. सोलापूर जिल्ह्याची द्राक्षातली ओळख वाईनची नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेलं 'सोनाका' हे वाण राज्यभर गेलं. 'शरद सीडलेस'ही त्यांचंच. पंढरपूर, कासेगाव भागात द्राक्षं शेडमध्ये वाळवून बेदाणा होतो. हे सगळं खायचं द्राक्ष.

त्यामुळे अवकाळीने सोनाकाच्या घडांना तडे गेले किंवा बेदाण्याचा भाव पडला, तर त्या शेतकऱ्याला वायनरी वाचवू शकत नाही. त्याचं द्राक्ष चांगल्या वाईनच्या कामाचं नाही. वाईनसाठी वेगळं वाण लावावं लागतं, आधी करार करावा लागतो, आणि अनेक वायनरींच्या स्वतःच्याही बागा असतात. वाईनच्या द्राक्षात दर्जासाठी उतारा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे करारातला भाव नीट नसेल तर ते परवडत नाही. ज्यांच्याकडे करार आहे, त्यांना फायदा होतो हे खरं. मोटेवाडीसारख्या ठिकाणी कोरडवाहू माळावर रोजगार आला, हेही खरं. पण 'वाईन विकली की द्राक्ष शेतकरी तरला' हे सोलापूरच्या बहुतेक बागायतदारांना लागू होत नाही.

म्हणून पुन्हा असं धोरण आलं, तर दोन प्रश्न विचारायला हवेत. कुठल्या द्राक्षाच्या शेतकऱ्याला फायदा होणार? आणि वाढलेला खप नेमका कुणाच्या घरात होणार?

प्यायलाच हवी का?

नाही. हा लेख पिणं सुरू करायचा सल्ला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येईल असं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण नाही. 'रेड वाईन हृदयाला चांगली' हा फॉरवर्ड आला तर हे त्याला उत्तर म्हणून पाठवा. अल्कोहोल कॅन्सरचं कारण ठरतं, मग ते द्राक्षातून आलेलं असो वा उसाच्या मळीतून. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, वयाची अट आहे, आणि पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहे. थर्टी फर्स्टच्या रात्री सात रस्त्यावर नाकाबंदी दिसली तर पोलिसांना नावं ठेवू नका.

थोडक्यात काय?

सोलापूरच्या ताटाला वाईनशिवाय काही अडलेलं नाही. तिखटाला आवर घालणारं पेय त्याच्याकडे आधीपासून आहे, आणि वाईनची निवड करायची तर कसोटीही तेच देतं: आंबट, गार, हलकं. अडलं आहे ते वाईनचं. जिथे ती पिकते, तिथल्या भाकरीजवळ तिला अजून जागा मिळालेली नाही. ती कधी मिळेल का, हे सुपरमार्केटच्या कपाटावरून ठरणार नाही.

पुढच्या वेळ अमावास्येला शेतात गेलात तर आंबिलाचा पहिला घोट जरा सावकाश घ्या. जिभेवरचं तिखट कसं उतरतं ते बघा. पेअरिंगचा पहिला धडा तिथेच आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.